हिरोशिमा : एका शिक्षकाने घेतलेला धडा

(शाळेच्या नव्या विज्ञान-कक्षाच्या उद्घाटनप्रसंगी एका निवृत्त पदार्थविज्ञान-शिक्षकाने केलेले भाषण)



 माझ्या उमेदीची तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविण्यात गेली. आमच्या वेळी प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट असे आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असे. आज आपल्या मुलांसाठी एवढी प्रशस्त खोली उभी राहिली, हे पाहून मन भरून येते. अशा प्रसंगी विज्ञानाची थोरवी सांगावी अशी आपली अपेक्षा असेल. ती थोरवी मी नाकारीत नाही. परंतु आज मला माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करावयाची आहे. ती चूक मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी, जपानमधील हिरोशिमा या शहरात कळली.

आधी घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे थोरले चाचा जहाजावर इंजिनखात्यात कामाला होते. आपल्या कोकणपट्टीतील कितीतरी घरांतून माणसे अशी बोटीवर जात. पोटासाठी गेलेली ही माणसे दुसऱ्या महायुद्धात सापडली. 'तिलावा' नावाची आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. उतारू आणि खलाशी मिळून साडेनऊशेंच्या वर माणसे तीवर होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे अंधारात जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. माणसे होड्यांत उतरत होती, तोच दुसरा पाणतीर आला. २८० माणसे समुद्रात गेली. त्यांत माझे चाचा होते.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण दादीच्या तोंडून ही हकीकत मी इतक्यांदा ऐकली, की ती जणू माझ्यासमोर घडली होती. चाचांची पत्र्याची पेटी तिने मरेपर्यंत उघडली नाही. आणि गोष्टीच्या शेवटी ती नेहमी एकच वाक्य बोले : "मग त्यांच्या शहरावर बाँब पडला. तो अल्लाचा इन्साफ होता."

मित्रांनो, लहान मूल दादीचे वाक्य तपासून पाहत नाही. मी ते तसेच उचलले. पुढे शिकलो, शिक्षक झालो. वर्गात अणुविभाजनाचा धडा आला की मी फळ्यावर आइन्स्टाइनचे समीकरण लिहीत असे. युरेनियमच्या अणुगर्भावर एक न्यूट्रॉन आदळतो, तो गर्भ फुटतो, त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढचे गर्भ फोडतात, अशी साखळी मी मोठ्या उत्साहाने काढून दाखवीत असे. मुलेही रंगून जात. मग मी सांगत असे, "याचाच उपयोग करून १९४५ साली अमेरिकेने जपानवर बाँब टाकला आणि युद्ध संपले." एवढे म्हणून मी फळा पुसत असे. परीक्षेला त्यावर पाच गुणांचा प्रश्न येई. त्या वाक्याच्या खाली कोण होते, हे मी तीस वर्षांत एकदाही सांगितले नाही. १९९८ च्या मे महिन्यात आपल्या देशाने पोखरणला चाचण्या केल्या, तेव्हा नाक्यावर पेढे वाटले गेले. मीही एक घेतला आणि ओळखीच्या मुलांना तिथेच उभ्या उभ्या साखळी-प्रक्रिया समजावून दिली. देशाने काय करावे हा वाद घालण्यासाठी मी आज उभा राहिलेलो नाही. मी फक्त माझ्या शिकविण्याबद्दल बोलत आहे.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त ओसाका येथे असतो. २०२४ च्या जुलै महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. एके दिवशी तो म्हणाला, "अब्बा, हिरोशिमा दीड तासावर आहे, जाऊन येऊ." खरे सांगतो, माझ्या मनात आधी दादीचे वाक्य आले. पण विज्ञानाच्या शिक्षकाने ते ठिकाण पाहिलेच पाहिजे असे वाटून मी निघालो.

हिरोशिमा हे नद्यांचे शहर आहे. समुद्राला मिळण्यापूर्वी नदीला फाटे फुटतात आणि त्या फाट्यांमधील सपाट बेटांवर ते वसले आहे. आपल्या खाडीकाठच्या माणसाला ते लगेच आपलेसे वाटते. त्या दिवशी हवा दमट होती, सदरा अंगाला चिकटत होता, झाडांवर रातकिड्यांसारखा एकसारखा आवाज चालू होता. आणि रस्त्याच्या कडेला काय फुलले होते ठाऊक आहे? आपल्या अंगणातली कण्हेर. अणुबाँबनंतर त्या करपलेल्या मातीत जी फुले सर्वांत आधी उमलली त्यांत ती होती, म्हणून १९७३ साली हिरोशिमाने कण्हेरीला शहराचे फूल म्हणून मान दिला. आपण कण्हेरीला विषारी म्हणून दूर ठेवतो. त्यांनी तिला मानाची जागा दिली.

ट्रॅममधून उतरताच समोर ती प्रसिद्ध पडकी इमारत दिसते. यान लेत्सेल नावाच्या चेक वास्तुशिल्पकाराने आखलेली ही इमारत १९१५ साली पुरी झाली. तेथे त्या प्रांतातील मालाची प्रदर्शने भरत. बाँब तिच्यापासून सुमारे १६० मीटर अंतरावरच्या जागेच्या वर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. दाब जवळजवळ सरळ डोक्यावरून आल्याने काही भिंती उभ्या राहिल्या आणि घुमटाचा लोखंडी सांगाडा शिल्लक राहिला. आत असलेल्यांपैकी कोणी वाचले नाही. युद्धानंतर ती पाडून टाकावी की राखावी यावर पुष्कळ वाद झाला. ज्यांनी भोगले त्यांच्यापैकी काहींना ती डोळ्यांसमोर नको होती. अखेर १९६६ साली शहराच्या सभेने ती जपण्याचा ठराव केला आणि १९९६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून तिची नोंद केली.

नदी ओलांडली की शांतता स्मारक उद्यान लागते. हिरवळ, झाडे, रुंद पायवाटा. पाहणाऱ्याला वाटावे, पहिल्यापासून बागच असेल. तसे नाही. बाँब पडण्यापूर्वी येथे दुकाने, घरे, मंदिरे असलेली दाट वस्ती होती. आपल्या बाजारपेठेसारखी. ती सारी नाहीशी झाली. केन्झो तांगे या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यानुसार त्या राखेवर माती घालून हे उद्यान केले गेले. आपण ज्या वाटेने चालतो तिच्या खाली कोणाची तरी चूल आहे. उद्यानाच्या एका बाजूस गवताने झाकलेला एक गोल उंचवटा आहे. त्याच्या पोटात सुमारे ७०,००० माणसांची रक्षा ठेविलेली आहे. त्यांना ओळखणारे किंवा न्यावयास येणारे कोणी उरले नव्हते.

आता विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, कारण हा माझ्या विषयाचा भाग आहे. ६ ऑगस्ट १९४५, सोमवार, सकाळी सव्वाआठ. त्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातील एक किलोही प्रत्यक्ष फुटले नाही. आणि फुटलेल्यापैकी ज्या वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर झाले, ते एक ग्रॅमपेक्षाही कमी होते. मोहरीची चिमूट म्हणा. त्या चिमटीतून सुमारे पंधरा हजार टन स्फोटकांएवढी शक्ती बाहेर पडली. खालच्या जमिनीचे तापमान तीन ते चार हजार अंशांपर्यंत गेले. शहरात त्या वेळी सुमारे साडेतीन लाख माणसे होती. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० मेली. काही क्षणात, काही आगीत, काही किरणोत्सर्गाने आठवड्यांनी, महिन्यांनी. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, नागासाकीवर दुसरा बाँब पडला. तेथे वर्षअखेरपर्यंत सत्तर हजारांवर माणसे गेली. यातील बाँबचे आकडे मी वर्गात सांगत होतो. माणसांचे आकडे सांगत नव्हतो.

दोनशे येनांचे तिकीट काढून आम्ही संग्रहालयात गेलो. मोठी यंत्रे, मोठी चित्रे पाहावयास मिळतील अशी माझी कल्पना होती. तेथे प्रामुख्याने वस्तू आहेत. घरातल्या वस्तू. सव्वाआठला थांबलेले घड्याळ. फाटलेला, जळलेला गणवेश. एक तीनचाकी सायकल : चार वर्षेही पुरी न झालेले एक मूल त्या सकाळी तिच्यावर बसून खेळत होते. ते त्याच रात्री गेले. एवढ्या लहान मुलाला एकट्याला दूर पुरणे बापाच्या जिवावर आले, म्हणून त्याने त्याला अंगणातच पुरले आणि सायकल त्याच्याजवळ ठेवली. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याने मुलाच्या अस्थी काढून कुटुंबाच्या कबरीत नेल्या आणि सायकल संग्रहालयाला दिली.

आणि एक डबा. भगिनींनो, हा डबा मला आपल्याला विशेष करून सांगावयाचा आहे. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गातील मुलाचा तो डबा. आईने सकाळी भरून दिला होता. तीन दिवसांनी तिला मुलाचा देह सापडला, तेव्हा डबा त्याच्या पोटाशी होता. आत अन्न तसेच होते, कोळसा झालेले. मुलाने झाकण उघडलेच नव्हते. आपण रोज सकाळी डबा भरता आणि संध्याकाळी "खाल्लास का?" म्हणून विचारता. त्या आईला त्या प्रश्नाचे उत्तर डब्याने दिले.

हा मुलगा त्या वेळी शाळेत का नव्हता? येथे मला एक गोष्ट प्रथमच कळली. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून जपानी सरकार शहराच्या मध्यभागातील घरे पाडून मोकळे पट्टे तयार करीत होते. मोठी माणसे लढाईवर आणि कारखान्यांत. मग हे काम कोणी करावयाचे? बारा-तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींनी. वर्ग बंद करून त्यांना कौले आणि वासे उचलावयास पाठविले जाई. त्या सकाळी अशी आठ हजारांवर मुले उघड्यावर कामाला लागली होती. त्यांतील सुमारे सहा हजार मेली. त्यांच्या सरकारने आधी त्यांना शाळेबाहेर काढले होते. मग दुसऱ्या सरकारने त्यांच्यावर बाँब टाकला. दोन्हीकडे मोठी शिकलेली माणसे होती.

उद्यानापासून थोड्या अंतरावर एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या जुन्या काँक्रीटच्या इमारतीचा एक भाग बाँबनंतरही उभा राहिला. तेथे जखमींसाठी मदत-केंद्र सुरू झाले. आगीच्या काजळीने भिंती काळ्या झाल्या होत्या. मुलांना शोधीत आलेल्या शिक्षकांनी आणि आईबापांनी शाळेतले खडू उचलले आणि त्या काळ्या भिंतींवर निरोप लिहिले. अमुक मुलगा कोठे आहे, अमुक कुटुंब कोणत्या गावी गेले, कोणास काही कळल्यास कळवावे. पुढे त्यावर गिलावा चढला, शाळा पुन्हा भरू लागली आणि ती अक्षरे विसरली गेली. १९९९ मध्ये इमारतीची पाहणी करताना गिलाव्याखाली ती पुन्हा सापडली. २००२ पासून तो भाग संग्रहालय म्हणून राखला आहे. मित्रांनो, मी तीस वर्षे खडू हातात धरला. खडूचा असा उपयोग करावा लागेल असे कधी मनात आले नव्हते. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो.

एवढे पाहूनही माझ्या मनातले दादीचे वाक्य पुरते गेले नव्हते, हे मी कबूल करतो. माणूस रडतो आणि तरी आतून कोणीतरी म्हणते, "पण सुरुवात यांनीच केली ना?" उद्यानात येणाऱ्यांना माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवक असतात. त्यांतल्या एका वयस्क बाई आमच्याबरोबर होत्या. त्यांची आई त्या दिवशी शहरात होती आणि वाचली होती. त्या सावकाश इंग्रजीत सांगत होत्या. मला राहवले नाही. मी त्यांना चाचांची गोष्ट सांगितली. बोटीचे नाव सांगितले, दुसरा पाणतीर सांगितला, पेटी सांगितली. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. पाहुण्याने असे बोलावे का, असे त्याला वाटले असावे.

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी मान लववली आणि म्हणाल्या, "ही गोष्ट मला ठाऊक नव्हती." त्यांनी पिशवीतून वही काढली, बोटीचे नाव मला पुन्हा उच्चारावयास लावून लिहून घेतले, किती माणसे गेली ते विचारून २८० हा आकडा लिहिला. "पण" म्हटले नाही. आमचेही एवढे गेले, असे म्हटले नाही. आपल्या शहराची राख जेथे आहे तेथे उभी राहून ती बाई माझ्या चाचांची नोंद करून घेत होती.

मग त्यांनी मला एक विचारले, "आपण मुसलमान आहात ना? मग आपल्याला मलायाच्या विद्यार्थ्यांविषयी ठाऊक असेल." मला काहीच ठाऊक नव्हते. आता वही काढण्याची पाळी माझी होती.

युद्धकाळात जपानने मलाया, जावा, सुमात्रा, बोर्निओ, फिलिपाईन्स, ब्रह्मदेश हे मुलूख जिंकले होते. तेथील निवडक हुशार तरुणांना, सुमारे दोनशे जणांना, जपानने शिक्षणासाठी आपल्याकडे नेले. हेतू असा, की परत गेल्यावर त्यांनी जपानच्या बाजूने राज्यकारभार चालवावा. त्यांतले काही हिरोशिमाच्या विद्यापीठात होते. निक युसुफ हा मलायाचा तरुण त्या बाँबने मरण पावला. सय्यद उमर हा जोहोरचा तरुण वाचला. तोकियोकडे जाताना त्याची प्रकृती ढासळली आणि सप्टेंबरात क्योतोच्या इस्पितळात तो वारला. त्याचे वय अवघे एकोणीस होते. जे वाचले त्यांनी विद्यापीठाच्या मैदानात जपानी शेजाऱ्यांबरोबर उघड्यावर दिवस काढले, जखमींना उचलून नेले, मिळेल ते अन्न वाटून खाल्ले. त्यांच्यापैकी अब्दुल रझाक पुढे मलेशियात जपानी भाषेचे नामवंत शिक्षक झाले. पेंगिरान युसुफ ब्रुनेईचे मुख्यमंत्री झाले.

सय्यद उमरची कबर क्योतोच्या एन्कोजी या बौद्ध मंदिरात आहे. निक युसुफची हिरोशिमाच्या इत्सुकाइची भागात, कोझेन्जी या बौद्ध मंदिराकडे. घरापासून हजारो मैलांवर गेलेल्या मुसलमान मुलांच्या कबरी बौद्ध मंदिरांनी राखल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इत्सुकाइचीला गेलो आणि मी तेथे फातिहा पढलो. दादीने ज्याला इन्साफ म्हटले, त्याच्याखाली हाही मुलगा होता. शिकावयास आलेला, आपल्याच कलम्याचा. कोणाच्या आईने त्याच्यासाठीही घरी एखादी पेटी न उघडता ठेवली असेल.

परंतु बंधुभगिनींनो, तेथून परत येताना गाडीत मला स्वतःची लाज वाटली, ती वेगळ्याच कारणाने. दादीचे वाक्य माझ्या मनातून केव्हा गेले? मुसलमानाची कबर पाहिल्यावर गेले. तीनचाकी सायकलीने ते जावयास हवे होते. डब्याने जावयास हवे होते. ते मूल आपले नव्हते म्हणून माझ्या दुःखाला एक दिवस जास्त लागला. ही माझी चूक समीकरणाच्या चुकीपेक्षा मोठी आहे. कोणत्याही समाजाविषयी मनात राग असला तरी त्यापायी न्याय सोडू नये, ही आपल्या दीनची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाठ होती. आचरणात यावयास शहात्तर वर्षे लागली.

त्या उद्यानात मध्यभागी एक कमान आहे. तिच्याखाली दगडी पेटीत मृतांच्या नावांची यादी ठेवली आहे, आणि दर वर्षी नवी नावे तीत घातली जातात. दगडावर जे कोरले आहे त्याचा मतितार्थ असा, की आपण शांतपणे विश्रांती घ्या, ही चूक पुन्हा होणार नाही. या वाक्यात कर्ता नाही. चूक कोणाची, हे सांगितलेले नाही. १९५२ साली आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल तेथे गेले होते. जपानी नेत्यांवरील खटल्यात ज्यांनी वेगळा निकाल दिला, तेच हे. त्यांनी या वाक्यावर आक्षेप घेतला. बाँब जपान्यांनी टाकला नाही, मग चूक त्यांनी का कबूल करावी, असा त्यांचा मुद्दा. त्यावरून जपानात मोठी चर्चा झाली. शहराचे म्हणणे असे, की हे वाक्य साऱ्या मानवजातीच्या वतीने आहे. जो कोणी तेथे उभा राहून वाचील, तो त्याचा कर्ता. व्याकरणाच्या तासाला मी हे वाक्य अपुरे ठरविले असते. तेथे उभा राहिल्यावर ते मला पुरते वाटले.

जपानची बाजू निर्मळ होती असेही मी म्हणत नाही. हिरोशिमा हे लष्करी ठाणे होते. कोरियातून आणलेली हजारो माणसे तेथे बाँबखाली मेली. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले, पण उद्यानाच्या बाहेर. ते आत यावयास १९९९ साल उजाडले. तेव्हा "आपले" आणि "परके" ही खोड तेथेही होतीच. ती सोडावयास त्यांनाही वेळ लागला. मला त्यातून धीर येतो.

आता विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. सादाको सासाकी ही मुलगी बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. अंगावर जखम नव्हती. धावण्यात ती पटाईत होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी ती गेली. आजारपणात ती कागदाचे करकोचे घडीत असे. हजार घडले की इच्छा पुरी होते अशी तेथे समजूत आहे. तिच्या वर्गमित्रांनी देशभरच्या शाळांतून पैसे जमविले आणि १९५८ साली मुलांचे स्मारक उभे केले. दर वर्षी जगभरातून सुमारे एक कोटी कागदी करकोचे तेथे येतात. लक्षात घ्या, हे स्मारक सरकारने उभारलेले नाही, तुमच्या वयाच्या मुलांनी उभे केले.

उद्यानात एक ज्योत आहे. १ ऑगस्ट १९६४ रोजी ती पेटविली. पृथ्वीवरचे शेवटचे अण्वस्त्र नष्ट होईल तेव्हा ती विझवावयाची असे ठरले आहे. आज नऊ देशांकडे मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत. त्या नऊंत आपलाही देश आहे. २०१७ साली अण्वस्त्रबंदीचा करार झाला आणि २०२१ मध्ये तो लागू झाला, पण या नऊंपैकी कोणीही त्यात सामील नाही. ज्योत जळते आहे. बाँबमधून वाचलेल्या वृद्धांच्या संघटनेला, निहोन हिदान्क्योला, २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ही माणसे १९५६ पासून गावोगाव, देशोदेशी फिरून आपली अंगे, आपल्या खुणा दाखवून सांगत आली, की हे पुन्हा कोणावर येऊ नये. सूड मागितला नाही. २०२५ मध्ये त्या घटनेला ऐंशी वर्षे झाली. सांगणारे आता थोडे उरले आहेत.

तर मग या नव्या खोलीत आपण काय करावे? मी तीन गोष्टी सुचवितो आणि थांबतो.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की अणुविभाजनाचा धडा शिकवाल तेव्हा समीकरण जरूर शिकवा. त्याच विज्ञानाने कर्करोगावर उपचार होतात, वीज तयार होते. पण फळा पुसण्यापूर्वी पाच मिनिटे त्या डब्याची गोष्ट सांगा. परीक्षेत येत नाही म्हणून सोडू नका. मी सोडली होती.

पालकांना विनंती अशी, की मुलाला शाळेतून काढू नका. घरची ओढगस्त मला ठाऊक आहे. नववीतल्या मुलाला दुकानात बसविले, होडीवर पाठविले, मुलीला घरात बसविले, तर चार पैसे वाचतात. पण कोणाच्या तरी कामासाठी वर्गातून बाहेर काढलेल्या सहा हजार मुलांची यादी मी पाहून आलो आहे. आपल्याकडे बाँब पडत नाही, एवढाच फरक. मूल वर्गात असण्याची जी वेळ आहे, ती कोणालाही देऊ नका.

आणि तिसरी विनंती आपणा सर्वांना, माझ्यासकट. आपल्या प्रत्येक घरात एखादी न उघडलेली पेटी असते. कोणाचे दुकान जळलेले असते, कोणाचा माणूस गेलेला असतो. ती गोष्ट मुलांना सांगा. दडवू नका, दडविलेले दुःख नासते. नाव, तारीख, आकडा, सारे खरे खरे सांगा. फक्त दादीचे शेवटचे वाक्य त्याला जोडू नका. दादीला मी दोष देत नाही. पोटचा मुलगा गेलेल्या बाईच्या तोंडून ते निघाले. पण ते वाक्य पुढे चालविणारा मी होतो, आणि मी शिकलेला होतो.

हिरोशिमाहून परतल्यावर मी चाचांची पेटी उघडली. आत दोन सदरे, एक तसबीह आणि मुंबईच्या कुठल्याशा दुकानातली कंपासपेटी निघाली. ती कोणासाठी घेतली होती, हे सांगावयास आता कोणी नाही. ती कंपासपेटी मी आज बरोबर आणली आहे आणि अध्यक्षांच्या परवानगीने या विज्ञान-कक्षाला देत आहे. कपाटात ठेवू नका. मुलांच्या हातात द्या.

अल्लातआला आपल्या मुलांना इल्म देवो, आणि इल्माबरोबर रहम देवो. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.